टोपण लावल्यावर

नांदेडात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी माणसं कंधारहून, बिलोलीहून टेम्पोत घालून आणतात. मी त्यांची जळकी तार उपसतो, नवी भरतो, वार्निश मारून वाळवतो. तीस वर्षं हेच चाललंय. माझं डोकं लवकर तापतं हे गिऱ्हाइकांना माहीत आहे, आणि काम चोख असतं हेही माहीत आहे, म्हणून दोन शब्द ऐकून घेतात आणि पुन्हा येतात.

दुकानाच्या वर घर, घरावर गच्ची आणि गच्चीवर दोन बांबूंमध्ये ताणलेली तांब्याची तार. ती माझ्या हॅम रेडिओची अँटेना. एकदा एका शेतकऱ्यानं वर बोट दाखवून विचारलं, "ही तार कशाची वो?" मी म्हणालो, "अमेरिकेशी बोलायची." तो जराही दचकला नाही. म्हणाला, "मंग इचारा की, तिकडं तरी पडायलाय का पाऊस."

परीक्षा दिली की सरकार हॅमचं लायसन देतं, आणि नावाऐवजी अक्षरं-आकडे जोडून एक कॉलसाइन देतं. मग आपल्या घरातल्या सेटवरून जगातल्या कुठल्याही हॅमशी बोलता येतं. मोबाइल नको, इंटरनेट नको, वर आकाश असलं की पुरे. हा नाद मला लावला आमच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांनी. त्यांनीच कॉन्टेस्टची गोडी लावली. कॉन्टेस्ट म्हणजे ठरलेल्या चोवीस तासांत जास्तीत जास्त देशांतल्या जास्तीत जास्त हॅमना गाठायचं. एकमेकांचा कॉलसाइन घ्यायचा, आवाज कसा येतोय ते सांगायचं, आपला हा कितवा संपर्क तो आकडा द्यायचा आणि वहीत लिहून पुढं जायचं. नंतर ती यादी कॉम्प्युटरवर टाइप करून पाठवायची. आयोजक सगळ्यांच्या याद्या एकमेकींशी ताडून बघतात. मी लिहिलेलं आणि समोरच्यानं लिहिलेलं जुळलं नाही तर गुण कापतात.

चाचांचा एक दंडक होता. वेळ संपली की पेनाला टोपण लावायचं. त्यानंतर वहीतलं एक अक्षर बदलायचं नाही, मग ते चूक आहे असं स्वतःला कितीही वाटो. "सुन्या सो लिख्या, लिख्या सो पक्का," असं म्हणायचे. मी एकदा घाईत टोपण लावल्यावर एक आकडा सुधारला, तर चाचा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आता ते नाहीत. त्या चुकीनंतर त्यांचा दंडक मी पाळत आलो, एक वेळ सोडून. ही गोष्ट त्याच वेळेची आहे.

माझी बहीण लातूरला असते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, सुट्टीत आमच्याकडं यायची. आम्हा नवरा-बायकोला मूल नाही. ते दुःख जुनं आहे आणि त्याचं आता काही करायचं उरलेलं नाही, पण भाची जिन्यावर पाय वाजवत वर यायला लागली की घराला घरपण येतं एवढं खरं. बाकीच्या पोरी दुकानातल्या कळकट पसाऱ्याला नाकं मुरडायच्या. ही जळक्या तारेची भेंडोळी घेऊन बसायची आणि वेढे मोजायची. सहावीत असताना तिनं पहिल्यांदा हेडफोन कानाला लावला. बाराव्या वर्षी परीक्षा देता येते म्हटल्यावर तिनं पुस्तक मागून घेतलं, पाठ केलं आणि पहिल्याच झटक्यात पास झाली. बहीण म्हणाली, "दादा, लातुरात लेकरं सातवीपासून डॉक्टरकीच्या क्लासला बसायलेत, अन् तू माझ्या पोरीला हवेत गप्पा मारायला लावलास." पण लायसनचं पत्र आलं तेव्हा पेढे तिनंच वाटले. भाचीनं लायसनवर पत्ता माझ्या घराचा दिला होता, कारण सेट माझ्याकडं.

ती आठवीत असताना हिवाळ्यातली एक कॉन्टेस्ट आली. तिच्या स्वतःच्या कॉलसाइनवरची पहिली. आपल्याकडं ती सुरू होते शनिवारी पहाटे साडेपाचला. बायकोनं चहा केला, भाचीनं स्वेटरच्या बाह्या वर सारल्या, वहीच्या पहिल्या पानावर तारीख घातली. बोलायचं तिनं, लिहायचं तिनं. मी शेजारी दुसरा हेडफोन लावून नुसतं ऐकायचं, असं ठरलं होतं. नुसतं बसणं मला जमत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं मला आधीच बजावलं, "मामा, मधी बोलायचं न्हाई."

पहिल्या दोन-तीन जणांशी बोलताना ती अडखळली. मग जपानचे लोक धडाधड यायला लागले आणि ती अशी सरावली, की जणू रोज सकाळी शाळेला जाण्याआधी जपानशी बोलते. एक गोष्ट मात्र तिला पटेना. आवाज कसा येतोय ते सांगायला दोन आकडे असतात. शब्द किती स्पष्ट कळतात त्याचे पाचपैकी, आणि जोर किती त्याचे नऊपैकी. म्हणजे पाच-नऊ हे सगळ्यात उत्तम. कॉन्टेस्टमध्ये रिवाज असा, की आवाज कसाही येवो, सगळ्यांना पाच-नऊच द्यायचं. वेळ वाचतो.

"पण मामा, ह्याचं तर अर्धंच कळायलंय. मग पाच-नऊ कामून?"

"रिवाज हाय."

"म्हंजे सगळे खोटं बोलायलेत."

"खोटं न्हाई गं. लग्नात जेवण कसंबी असू दे, आपण चांगलं होतं म्हणूनच हात धुतो का न्हाई? तसं."

तिला ते पटलं नाही, पण ती हसली आणि त्या अर्धवट आवाजाला पाच-नऊ देऊन मोकळी झाली.

साडेआठच्या सुमाराला बायकोनं मुरमुऱ्यांचा सुशीला आणून ठेवला, तेव्हा वहीत छत्तीस संपर्क झाले होते. भाची खायचं सोडून एकाएकी पुढं वाकली, डोळे मिटले, हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला. मी माझा हेडफोन नीट केला. मला नुसती खरखर ऐकू येत होती, तव्यावर फोडणी पडल्यावर येते तसली.

"कुणी न्हाई तिथं. पुढं चल," मी म्हणालो.

तिनं हात वर करून मला गप्प केलं. कॉलसाइन पुन्हा मागितला. ऐकला. तिसऱ्यांदा मागितला. मग लिहिलं, आकडा घेतला, आपला आकडा दिला, आणि डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. "मामा, प्रशांत महासागरातलं बेट! नकाशात टिंबाएवढं हाय ते! मी त्याला पाच-नऊ दिलं, अन् त्याचा आवाज असा होता, असा..." तिनं अंगठा आणि बोट जवळजवळ चिकटवून दाखवलं.

मी "शाब्बास" म्हणालो. माझा विश्वास बसला नव्हता.

रविवारी पहाटे साडेपाचला ती अंगावर शाल घेऊन डोळे चोळत आली. वहीत शंभरावर बारा संपर्क झाले होते. घड्याळाचा काटा सरकला तसं तिनं पेनाला टोपण लावलं. खट्. चाचांचं सगळं मी तिला शिकवलं होतं. दहाच्या बसनं ती लातूरला गेली, सोमवारी शाळा होती. वही माझ्याकडं राहिली. टाइप करून पाठवायचं काम माझं.

सोमवारी दुपारी एका मोटारीचं वार्निश वाळेपर्यंत मी टाइप करायला बसलो. सदतिसाव्या संपर्कावर थांबलो. तिथं ते बेट लिहिलेलं होतं. मी मनाशी म्हणालो, त्या वेळी माझ्या कानावर हेडफोन होता. मी पंचवीस वर्षं ऐकतोय. तिथं काही असतं तर मला आलं नसतं का? पोरीनं उत्साहात बेट ऐकलं असणार. इंडोनेशियातला एक जुना हॅम आहे, त्याचा कॉलसाइन दोन अक्षरं सोडली तर अगदी तसाच. तोच असणार. आता हे असंच पाठवलं तर पहिल्याच कॉन्टेस्टमध्ये तिचे गुण कापले जातील, पोर हिरमुसेल. मी वहीला हात लावला नाही. वहीत तिचं बेट तसंच राहिलं. पण कॉम्प्युटरवर मी बेटाच्या जागी इंडोनेशिया घातला आणि यादी पाठवून दिली. मनाला सांगितलं, हे प्रेमापोटी केलं. प्रेम होतंच. पण त्याखाली दुसरं काय होतं ते मी उकरून पाहिलं नाही.

निकाल उन्हाळ्यात आला. सोबत प्रत्येकाच्या चुकांचा अहवाल येतो. तो तिच्या आईच्या ईमेलवर गेला. भाचीचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो.

"मामा, पाच चुका हायत. चार त्यांनी बरोबर धरल्यात, तिथं मी चुकलेच हाय. पण ते बेट हाय ना, त्यांनी लिहिलंय की मी इंडोनेशिया लिहिलं. अन् खरं तिथं बेटच होतं, त्या माणसाच्या यादीत माझा कॉलसाइन हाय." मग तिनं विचारलं, "मी बेटच लिहिलं होतं ना मामा? वहीत बघ ना."

वही माझ्या पाठीमागं फळीवर होती. हात लांब केला असता तर मिळाली असती. मी म्हणालो, "गडबडीत होतं असं, माय. मोठमोठ्यांचं होतं."

हे मी बोललो. वहीत काय आहे ते सांगितलं नाही, म्हणजे खोटं बोललो नाही, अशी स्वतःची समजूतही घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी माझ्याच भाचीला दिली होती.

पुढं दोन-तीन रविवार तिचा नेहमीचा फोन आला नाही. मग बहिणीचा आला. "दादा, हिला काय झालंय रे? तुझ्याकडून आणलेला हेडफोन कपाटाच्या वर टाकलाय. म्हणती, मला ऐकू येतं एक अन् मी लिहिते एक. आता गणिताचा पेपर बी चार चार बारी तपासायली. बरोबर आलेलं खोडून चुकीचं लिहून ठेवायली. क्लासच्या सरांनी मला बोलावलं होतं."

बरोबर आलेलं खोडून चुकीचं लिहिणं. ते मी केलं होतं, आणि पोरगी ते आता स्वतःच्या हातानं करत होती. मी शटर ओढलं. एक गिऱ्हाईक मोटारीसाठी आलं होतं, त्याला म्हणालो, उद्या या. तो म्हणाला, काल पण उद्याच म्हणला होतात. बरोबर होतं त्याचं.

लोहा, अहमदपूर करत बस लातूरला पोचेपर्यंत वही माझ्या मांडीवर होती. वाटेत चार वेळा सदतिसाव्या संपर्काचं पान उघडलं. तिचं अक्षर इतकं स्वच्छ होतं, की कुणालाही वाचता आलं असतं.

बहिणीच्या घरी चहाला थांबलो नाही. भाची गच्चीवर अभ्यास करत होती, पाण्याच्या निळ्या ड्रमांच्या सावलीत. मी वही तिच्यापुढं उघडून ठेवली आणि म्हणालो, "तू बेटच लिहिलं होतंस. मी बदललं. टाइप करताना."

तिनं सदतिसाव्या ओळीवरून बोट फिरवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग तिनं वर पाहिलं.

"मामा, मी टोपण लावलं होतं ना?"

मी मान हलवली.

"मग कामून?"

मी तेच सांगायला लागलो, की तुझे गुण कापले जातील, तू हिरमुसशील. तिनं मधेच तोडलं. "तुला वाटलं, मला ऐकूच आलं न्हाई."

"मला आलं न्हाई," मी म्हणालो. "म्हणून वाटलं, तुलाबी आलं नसणार."

हे बोलल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की मी काय बोलतोय. वर्षभर बायको सांगत होती, टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना जातो. गिऱ्हाइकं हल्ली पुटपुटतात, अशी माझीच तक्रार असायची. तीस वर्षं ग्राइंडर आणि हातोडा. कुणी पुटपुटत नव्हतं. भाची माझ्याकडं बघत होती, आणि तिचा राग गेला नव्हता, पण त्यात आणखी काहीतरी मिसळलं होतं.

"तिथं उभा राहा," तिनं गच्चीच्या कठड्याकडं बोट दाखवलं. माझ्या हातात वहीचा एक कागद आणि तिचं पेन दिलं. स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ फिरवून उभी राहिली आणि हळू आवाजात अक्षरं-आकडे म्हणायला लागली. कॉलसाइन म्हणतात तसे. खाली रस्त्यावर क्लासच्या पोरांच्या सायकली चालल्या होत्या. मी ऐकू आलं ते लिहिलं. थोड्या वेळानं ती आली, कागद घेतला, ओळ न् ओळ तपासली. दहातले चार बरोबर होते.

तिनं कागदाची घडी घातली आणि माझ्या शेजारी कठड्याला टेकली. "मामा, मी म्हणायले ते कसं येत होतं? खरं सांग. पाच-नऊ नको."

पंचवीस वर्षांत मी जगभराला पाच-नऊ दिलं होतं, आणि मलाही सगळ्यांनी दिलं होतं.

"तीन-दोन," मी म्हणालो.

ती माझ्या खिशाला धरून उभी राहिली, लहान असताना यात्रेत धरायची तशी. मग म्हणाली, "दवाखान्यात जा." आणि पुढं, "मी अजून कट्टीच हाय तुझ्याशी, हे लक्षात ठेव."

खाली गेलो तर बहिणीनं माझी जी काही खरडपट्टी काढली, ती मात्र मला स्पष्ट पाच-नऊ ऐकू आली. त्या संध्याकाळी हेडफोन कपाटावरून खाली आला. भाचीनं तो पुसून दप्तराच्या शेजारी ठेवला, मला दिसेल असा.

डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. त्यानं माणसांची बोलणी कळतात, बायकोची जरा जास्तच कळतात. पण खरखरीच्या खालचा बारीक आवाज आता मला येणार नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. दोन दिवस वाईट वाटलं. नंतर असं वाटलं, की तो आवाज कुठं गेलेला नाही. घरातल्या एकीला येतो.

यंदाच्या हिवाळ्यात ती कॉन्टेस्टसाठी आली. नववीत आहे, क्लास बुडवून आली, त्यावरून बहिणीचं आणि तिचं जोरात झालं असं कळलं. या वेळी हेडफोन तिच्याच कानाला होता, मी लिहायला. ती प्रत्येक कॉलसाइन माझ्याकडं तोंड करून सावकाश म्हणायची, मी लिहायचो, ती वाकून बघायची. दुपारी तीनच्या सुमारास ती पुन्हा तशीच पुढं वाकली, डोळे मिटले. मी बाजूला जोडलेल्या स्पीकरला कान लावला. खरखर. तिनं दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. मग एक कॉलसाइन म्हणाली. तो आफ्रिकेतला होता, आणि त्या वेळी, त्या बँडवर आफ्रिका येणं मला काही पटेना. माझं पेन कागदावर थांबलं.

"मामा?" ती म्हणाली.

"तुला ऐकू आलं ना?"

"हाव."

"मग सांग परत. लिहितो."

रविवारी पहाटे साडेपाचला तिनं माझ्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं आणि ते स्वेटरच्या खिशात टाकलं. निघताना मी वही तिच्या पिशवीत घालायला लागलो, म्हटलं, टाइप तूच कर, तुझी आहे. तिनं वही काढून परत माझ्या हातात दिली.

"वही तुझ्याकडंच राहू दे," ती म्हणाली. "पेन मी नेते."

सोमवारी दुपारी, वार्निश वाळेपर्यंत, मी टाइप करायला बसलो. आफ्रिकेपाशी आलो. दोन अक्षरं बदलली तर तिथं एक ओळखीचा, रोज येणारा कॉलसाइन बसतो. मला आजही वाटतं, ती तिथं चुकली आहे. मी तिचं अक्षर न् अक्षर तसंच टाइप केलं आणि पाठवून दिलं.